माडाने धरलेलं बाळसं

सुलाकाकीच्या हातात बाळाची वाटी दिली, की ती आधी बाळाकडे बघायचीच नाही. डाव्या तळहातावर चमचाभर पेज ओतायची, जिभेने टिपायची, डोळे मिटून क्षणभर थांबायची. मग बाळाचा नंबर. "जो भरवता, त्येणा आधी चाखूचां," हा तिचा कायदा. तोंडवलीत ती आमची शेजारीण. सकाळी डोक्यावर माशांची पाटी घेऊन गावभर फिरायची आणि परतताना ज्या घरात तान्हं मूल असेल तिथे न बोलावता शिरायची. आधी हात मात्र राखेने खसाखसा घासायची. "बांगड्याचो वास पोराक वायच उशिरान कळांदे."

आमची सई सात महिन्यांची झाली. बायको कुडाळच्या बँकेत परत रुजू झाली आणि घरून काम करणारा मी सईच्या वरच्या अन्नाचा खातेप्रमुख झालो. डब्यातलं विकतचं नको, नाचणीचं सत्त्व घरीच करणार, अशी मी घोषणा केली. काकीने अंगणातूनच विचारलं, "दाखवू काय रे झिला?"

मी मोबाइल उंचावला. "काकी, सगळं आहे यात."

"बरां. मगे मोबायलाकच भरवूक सांग."

नाचणी भिजवली, वाटली, फडक्यातून गाळली. व्हिडिओतली बाई म्हणाली, 'आता हे निवळू द्या.' एवढ्यात ऑफिसचा फोन आला. पुढचं मी स्वतःच्या अकलेने केलं. वरचं निवळ पाणी जपून काढून घेतलं आणि तळाला बसलेला पांढरट गाळ न्हाणीमागच्या माडाच्या मुळात ओतला. ते पाणी उकळून, थेंबभर तूप घालून सईला भरवायचो. दर दोन दिवसांनी ताजं! सई मिटक्या मारायची आणि मी नातेवाइकांना फोटो पाठवायचो.

पंधरा दिवसांनी मालवणच्या डॉक्टरांनी वजनाचा काटा दोनदा बघितला. सईचं वजन उतरलं होतं. "आठवड्यात वाढलं नाही, तर दाखल करून घ्यावं लागेल," ते म्हणाले. परतताना बायकोने वाटेत सईला माझ्याकडे दिलंच नाही. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी काकी आली. वाटीतलं तळहातावर घेऊन चाटलं. परत चाटलं.

"तू चाखलंस?"

"नाही. बाळाचं ते..."

"ह्यां पाणी आसा रे! सत्त्व खंय?"

मी सगळी कृती सांगितली. गाळाचं नाव निघताच ती ताडकन उठली, न्हाणीमागे गेली आणि कमरेवर हात ठेवून वर बघत राहिली. "बघ, बघ! माडान कसां बाळसां धरल्यान! चेडवाचां, आपल्या सईचां जेवाण हेका घातलंस!"

ती हसत सुटली. मी हसायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. पोटच्या पोरीला मी पंधरा दिवस पाणी पाजत होतो.

"रडान तेचां पोट भरतलां? ऊठ, नाचणी भिजत घाल."

स्वतःच्या घरचं सत्त्व तिने तेवढ्या दिवसापुरतं दिलं. पुढचं माझ्याकडूनच करून घेतलं, स्वतः बोट लावलं नाही. पाणी ओतायला पातेलं कलतं केलं, की मागून ओरडायची, "हळू! गाळ न्हय तो, तुझां चेडू आसा!" आठवड्याने काटा पुढे सरकला. काकीने घरी येऊन माडाला दम भरला, "आता रव उपाशी."

गेल्या वर्षी काकी अंथरुणाला खिळली. घास उतरेना. मी नाचणीची पेज करून नेली, तर तिने ओठ घट्ट मिटले. मी विनवण्या केल्या. शेवटी आठ वर्षांची सई म्हणाली, "बाबा, तू चाखलंच नाहीस."

मी तळहातावर घेऊन चाखली. काकीने डोळे किलकिले केले. "मीठ नाय मां?"

"तुला कसं कळलं?"

"तुझां तोंड बघून. माका काय दात येतहत, अळणी खावक?"

मीठ घालून आणल्यावर तीन चमचे गेले. चार दिवसांनी काकी गेली.

दिवसकार्याला तिचा मुलगा म्हणाला, "आवशीच्या पानावर तुमच्या हातची पेज वाढा." पानावर वाढायचं आधी कोणी उष्टं करायचं नसतं, भटजींनी तसं बजावलंही होतं. मी पाठ फिरवली, डाव्या तळहातावर चमचाभर ओतली आणि चाखली.

मीठ बरोबर होतं.