बिनवासाची खोली

संशोधन संस्थेच्या काचघरातल्या माळ्याला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसलेला तो स्वतःच्या लग्नातही कुणाला दिसला नव्हता. लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवरदेव थोडा हललेला आहे. हाताला काम नसलं की तो कुंड्यांच्या जागा बदलायचा आणि कुणी विचारलंच तर ऊन सरकल्याचं कारण द्यायचा.

अशा माणसाची कंबर धरली. उभं राहवेना, वाकवेना. आणि सांगायची तर सोयच नव्हती. ज्याला वजन उचलवत नाही त्याला फाटकावर खुर्ची, असा संस्थेचा दयाळू नियम होता. आधीचा माळी त्याच खुर्चीत शब्दकोडी सोडवत निवृत्त झाला, आणि लोक त्याला भाग्यवान म्हणत. भिंगरीला मात्र त्या खुर्चीच्या नुसत्या आठवणीने पायांत मुंग्या येत. म्हणून तो रोज सकाळी, ताई यायच्या आत, मागच्या बंद खोलीत जाऊन सदरा वर करून कमरेला बाम चोळायचा. तिथे तंबाखूच्या रोपांशिवाय बघणारं कुणी नव्हतं.

ताई म्हणजे डॉक्टरेट करणारी मुलगी. रोपं तिचीच.

"काका, एका पानाला रोग लागला ना, की ते आतल्या आत रसायन तयार करतं," तिने एकदा समजावलं होतं. "बाकीच्या पानांना निरोप जातो. त्यातलं थोडं वाफ होऊन हवेत मिसळतं. शेजारच्या झाडाला ते कळतं आणि ते आधीच कंबर कसून बसतं."

कंबर म्हटल्यावर भिंगरी उगाच सावध झाला.

पुढच्या खोलीत तिने निरोगी रोपांशेजारी रोगी रोपं ठेवली होती. मागच्या खोलीत नुसती निरोगी. मग दोन्हीकडच्या निरोगी पानांवर विषाणू चोळायचा. पुढच्यांना इशारा मिळालेला, त्यांच्यावर ठिपके बारीक यायला हवेत. मागची बेसावध, त्यांच्यावर मोठे. पण मागच्या खोलीतही ठिपके बारीकच येत होते. पुन्हा लावली, पुन्हा बारीक. शेवटी तिच्या सरांनी सांगितलं, आणखी एक खेप, नाहीतर विषय बदला.

एका सकाळी ती मागच्या खोलीत शिरली आणि थबकली. "काका, वास येतोय! कुठून तरी गळतंय!"

भिंगरीने नाक वर करून प्रामाणिकपणे सांगितलं, "मला तर नाही बुवा येत." त्याच्या नाकाला त्या वासाची सवयच झाली होती. आणि जिच्या डोक्यात तीन वर्षं एकच रसायन घर करून आहे, तिला दुसरी शंका येणार कुठून?

मग फटी बुजवायचं काम निघालं. चिकटपट्टी ताईची, शिडी भिंगरीची. शिडीच्या चढउतारीने कंबर आणखी गेली, बाम आणखी लागला, वास आणखी वाढला, आणि ताईने आणखी चिकटपट्टी मागवली. शास्त्र असं पुढे सरकत होतं.

"पण ताई, हा वास असतो तरी कसला?" शिडीवरून त्याने विचारलं.

"ओळखीचाच आहे की. कंबरदुखीच्या बाममध्ये तेच रसायन असतं."

भिंगरी शिडीवर असा स्थिर उभा राहिला की ताईनेच विचारलं, "चक्कर आली का?"

दुसऱ्या दिवशी त्याने बाम सोडला. झारी उचलताना असा ओरडला की ताई धावत आली. पायावर कुंडी पडली, असं तो म्हणाला. फुटलेली कुंडी आसपास नव्हती, पण ती बिचारी भला माणूस समजून पायच बघत बसली.

संध्याकाळी घरात येरझाऱ्या सुरू झाल्या.

"अहो, फरशी झिजेल," बायको म्हणाली. "सांगून टाका ना."

"सांगितलं तर खुर्ची."

"आणि नाही सांगितलं तर?"

"त्या पोरीची तीन वर्षं."

"मग खुर्चीच स्वस्त पडली की."

सकाळी त्याने सांगितलं. ताईने हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. "रोज?"

"रविवार सोडून."

"आणि मी भिंतींना चिकटपट्टी लावून घेत होते!"

"शिडीवर मीच चढलो होतो ना."

ती रागावली, मग हसली, मग पुन्हा रागावली; मधेच तिने बामची डबी हिसकावून त्यावरचे घटक वाचले. सरांना आधीच्या खेपा फसल्याचं कारण हवं होतं. भिंगरी स्वतःच त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला, आणि आठवडाअखेर त्याला फाटकावरची खुर्ची मिळाली. अभिनंदन करायला तीन जण आले.

शेवटच्या खेपेला मागच्या खोलीतली पानं मोठमोठ्या ठिपक्यांनी विद्रूप झाली. ती बातमी द्यायला ताई फाटकापर्यंत धावत आली. खुर्ची रिकामी होती; भिंगरी फाटकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता.

"काका, आले! एवढाले ठिपके!"

"झकास!" त्याचा चेहरा उजळला आणि लगेच आक्रसला. "पाणी कोण घालतं आता?"

"नवा माणूस आहे. चांगलं घालतो."

"चांगलं म्हणजे कसं?"

"काका, चांगलं म्हणजे चांगलं!"

"ते मी बघतो. तू जरा इथे बस. कुणी आलं तर नाव लिहून घे."

आणि कमरेवर हात ठेवून, वाकडातिकडा पण झपझप, तो काचघराकडे निघाला. होऊ घातलेली डॉक्टर खुर्चीत बसली. समोर एक गाडी येऊन थांबली आणि हॉर्न वाजवू लागली.