शेवटाआधीची एसटी

काल थोरल्या ताईबरोबर सिनेमाला गेलो. पडद्यावर आमच्यासारखेच, सत्तरी ओलांडून एका घरात राहणारे बहीणभाऊ होते. ते टीव्हीच्या रिमोटवरून भांडायला लागले, तशी ताई मला कोपराने ढोसून हसत होती. मध्यंतरानंतर मात्र त्यातला भाऊ खोकायला लागला. सिनेमातला खोकला कधी साधा नसतो. ताईने लगेच पिशवी उचलली. "ऊठ, एसटी चुकेल!"

लहानपणी तालुक्याला सिनेमा बघताना वडील आम्हाला शेवटाआधीच उठवायचे, एसटी गाठायची म्हणून. मग गाव येईपर्यंत उरलेला शेवट आम्ही दोघं रचायचो. आमच्या शेवटात कधीच कुणी मेलं नाही.

आता घर थेटरापासून दहा मिनिटांवर आहे, तरी मी निमूट उठलो. शेवट काय असतो ते या वयात ठाऊक असतंच. तो बसून बघायलाच हवा असं थोडंच आहे?

वाटेत विचारलं, "मग त्या भावाचं काय झालं?"

"काय होणार? बहिणीने अडुळशाचा काढा पाजला. दुसऱ्या दिवशी रिमोटसाठी भांडायला हजर!"

मला हसू आलं, आणि हसताहसता खोकला. ताईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि समोरच्या आयुर्वेदिक दुकानाच्या पायऱ्या चढायला लागली.