तुर्की झग्यातली इंग्लिश बाई

फोटोकॉपीच्या गरम कागदांचा वास आला की मला लीड्समधली एक शनिवारची सकाळ आठवते. तिथल्या आर्ट गॅलरीत एक जुनं चित्र लागलं होतं: तुर्की झगा घालून गादीवर रेललेली बाई आणि तिच्यापुढे कॉफीचा ट्रे धरून बसलेली सावळी मुलगी. फोनवर फोटो पाहूनच माझं डोकं फिरलं आणि मी आमच्या स्त्रीमुक्ती ग्रुपसाठी लीफलेट लिहिलं, ‘जनानखान्यात कोंडलेल्या तुर्की स्त्रीचा तमाशा बंद करा!’ आई त्याच गॅलरीत अटेंडंट होती. त्या शनिवारी मी गरम फोटोकॉपींचा गठ्ठा घेऊन गॅलरीबाहेर पायरीवर उभी होते. दार उघडायच्या आधी ती युनिफॉर्ममध्ये बाहेर आली आणि तिथंच उभं राहून तिनं ते वाचलं. मला वाटलं, आता नोकरीवरून ओरडणार. ती म्हणाली, ‘अगं, चित्राशेजारची पाटी वाचलीस का? ही इंग्लिश आहे, चित्रकाराची बायको. हौसेनं कपडे घालून बसलीय स्वतःच्या घरात. कोंडतंय कोण तिला!’ तिनं माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. ‘वाटलीस किती?’ ‘एकही नाही.’ ‘मग घाल पिशवीत.’ मला इतकं हायसं वाटलं की मी पायरीवरच बसले. आमच्या ग्रुपला लोक महिनाभर हसले असते. ‘आणि ती ट्रेवाली?’ मी विचारलं. ‘तिच्याबद्दल पाटीवर अवाक्षर नाही. रोज तिच्यासमोर उभी असते मी, कोण आहे ते मलाही कळू दे की!’ दुपारी आम्ही नवं लीफलेट वाटलं, त्यात एवढंच विचारलं होतं: ही ट्रेवाली मुलगी कोण? चूक वेळेत सापडली म्हणून मी आजही सुटकेचा निःश्वास टाकते, पण त्या पाटीवरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही.