हरलो, पण देत नाही

घर भाड्याने बघायला येणारा माणूस आधी नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतो. दिगंबरने ते विचारलंच नाही. खोलीच्या भिंतीवरून हात फिरवत तो म्हणाला, "काकू, हितं लेकरानं काही काढलं तर चालंल का?"

"नाही चालणार."

"मंग कुठवर चालंल? कंबरेपत्तर?"

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. हिंगोलीत धान्याच्या मोंढ्यामागच्या गल्लीत माझं घर आहे. पुढच्या खोलीत मी ब्लाऊज शिवते, मागच्या दोन खोल्या भाड्याने देते. भाडेकरूला पहिल्या दिवशी हसून दाखवलं की तो डोक्यावर बसतो, हा माझा अनुभव. तरीही कोण जाणे काय वाटलं, मी शिवणाचा खडू उचलला, माझ्या कंबरेच्या उंचीवर भिंतभर एक रेघ मारली आणि सांगितलं, "या रेघेच्या वर एक ठिपका दिसला तर सामान रस्त्यावर."

"तिचा हात तिथवर पोचायला अजून लई टाइम हाय," तो म्हणाला आणि त्याच संध्याकाळी सामान घेऊन आला.

सामान म्हणजे दोन ट्रंका, एक गॅस, आणि एक गोणी भरून रिकामे डबे. घरात माणसं तीन. बायको सविता, सरकारी दवाखान्यात कंत्राटी नर्स. मुलगी आनू, दीड-पावणेदोन वर्षांची, केस उभे राहिलेली. आणि हा दिगंबर, पूर्वी वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानात कामाला होता. रस्ता रुंद झाला, दुकान उठलं. सविताची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. तेव्हा त्याने ठरवलं की बाई नोकरी करील आणि मी लेकरू सांभाळीन. ठरवलं आणि गप्प बसला असता तरी लोकांनी एक वेळ सोडून दिलं असतं. पण तो ते ओट्यावर बसून, लेकराचे लंगोट पिळत, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

आमच्या समोर किराणा दुकानवाले शेठ राहतात. त्यांना रोज सकाळी दात घासण्याइतकंच हे एक काम झालं. "काय दिगंबरराव, आज भाजी कोणती?" असं ते गल्लीभर ऐकू जाईल असं विचारत. दिगंबर लंगोट झटकून दोरीवर टाकायचा आणि तितक्याच मोठ्यांदा सांगायचा, "शेपूची. तुमाला इचारायची सोय हाय का घरात, का वाढलं ते गिळता?" शेठ दुकानात वळायचे. मी मशीनवर पाय मारत खूश.

एका पगारात तिघांचं भागवायचं, त्यामुळे त्या घरात काहीच टाकलं जात नसे. माझ्या कातरकामाच्या चिंध्या मी पूर्वी बंबात घालायचे. ते पहिल्याच आठवड्यात बंद झालं. "टाकू नका काकू, आमाला लागते," हे त्याचं वाक्य. चिंध्यांचा चेंडू झाला, बाहुली झाली, बाहुलीची गोधडी झाली. मोंढ्यातून फाटकं गोणपाट आणून त्याने अंगणात अंथरलं. पावडरच्या डब्यात हरभरे घालून, झाकण तारेने आवळून खुळखुळा केला. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं. कडब्याच्या धांड्यांची बैलगाडी. तिची चाकं निघाली की पुन्हा नवी, कारण आनू ती रोज मोडायची. मी एकदा म्हटलं, अरे, एक चांगली प्लॅस्टिकची गाडी घे, टिकेल तरी. तो म्हणाला, "टिकंल, म्हूनच नको. ही मोडते म्हून तर ती संग बसून बनवते. इकत आनलं की माझं काम संपलं, तिचं बी."

रंग तर त्याने घरच्या घरीच केले होते. हळद पाण्यात कालवायची. बापलेकीने बोटं बुडवून कॅलेंडरवर, नाहीतर माझ्या भिंतीच्या रेघेखाली पिवळे ठसे मारायचे. मग खायच्या सोड्याचं पांढरं पाणी एका वाटीत. त्यात बोट बुडवून पिवळ्यावर टेकवलं की तिथे लाल. आनू ते पाहून दर वेळी दोन्ही हात वर करून किंचाळायची. मी म्हटलं, सोडा कशाला, चुन्याने तर याहून छान लाल होतं. त्यावर तो पहिल्यांदाच गंभीर झालेला दिसला. "चुना या घरात येनार न्हाई, काकू. लेकरू डोळे चोळते. डोळा गेला तर कुठून आनायचा?"

मोबाइल तिच्या हातात तो देत नसे. त्याचा मोबाइल खिळ्याला पिशवीत टांगलेला असायचा. आनूच्या लेखी मोबाइल म्हणजे आईचा आवाज. कानाला लावायचा, "आई, ये" म्हणायचं आणि परत द्यायचा.

दिगंबरचे वडील सिद्धेश्वर धरणाच्या बाजूच्या गावात राहतात. हळदीचं शेत, गावात शब्दाला मान, पांढरंशुभ्र धोतर. त्यांना सगळे आबा म्हणतात. पोरगा घरात बसून लेकरू सांभाळतो ही गोष्ट गावातल्या पारावर पोचली होती आणि आबांना तिथे बसणं अवघड झालं होतं. संक्रांत नुकतीच झाली होती. आनूचं बोरन्हाण करायचं ठरलं होतं, आणि त्याच्या आदल्या सकाळी आबा आले. पाणीसुद्धा न पिता ओट्यावर बसले.

"पोरीला घेऊन चाललो मी," ते म्हणाले. "तुझी माय सांभाळंल. तू मामाच्या दुकानावर जा. लोकं म्हनून राहिले, सुनेनं पोराची बायको केली."

सविता ड्यूटीवर गेली होती. मी दारातून ऐकत होते. मला वाटलं, आता हा बापाला समजावील, पाया पडेल. दिगंबर हात पुसत म्हणाला, "न्या."

मी सुई टोचून घेतली.

"न्या, पर आज सांजपत्तर तिला तुमी एकट्यानं सांभाळा. मी हात लावनार न्हाई. सांजच्याला ती तुमच्यापाशी रमलेली दिसली तर तुमची. आन मी मधी हात लावला तर मी हरलो, तवाबी तुमची."

आबा हसले. "एवढंच? चार लेकरं वाढवली म्या."

"आमच्या मायनं वाढवली. तुमी नावं ठेवली."

मला दिगंबरचा मनस्वी राग आला. लेकरू ही काय शर्तीला लावायची वस्तू आहे? त्याला आत बोलावून मी तसं स्पष्ट सांगितलंही. तो चुलीतल्या जाळासारखा भडकेल असं वाटलं होतं, पण त्याचा चेहराच उतरला होता. "काकू, तोंडातून निघून गेलं," तो म्हणाला. "आता पाह्यत बसायचं."

मग आम्ही दोघं पाहत बसलो. आबांनी आधी कुरकुरीत कशाचं तरी पाकीट फोडलं. आनूने त्यातलं एक खाल्लं आणि उरलेली त्यांच्या काढून ठेवलेल्या पागोट्यात एकेक करून ठेवली. मग त्यांनी मोबाइलवर गाणं लावून तिच्यापुढे धरला. तिने तो कानाला लावला, "आई, ये" म्हणाली आणि परत दिला. आबांना कळेना, आता पुढे काय. त्यांच्यापाशी या दोनच गोष्टी होत्या.

आनूपाशी मात्र अख्खा दिवस होता. तिने त्यांचं बोट धरून गोणपाटावर बसवलं. ज्वारी चाळायला लावली, सांडायला लावली, वेचायला लावली. धांड्याची गाडी त्यांच्या हातात देऊन ती मोडली आणि नवी करायची वाट पाहत बसली. आबा पुटपुटत गाडी करत होते. चाक बसेना. बसलं तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघितलं का म्हणून. मी मुद्दाम मशीनकडे तोंड केलं. दुपारी तिला भरवताना वरण त्यांच्या धोतरावर सांडलं, आणि ती त्यांच्या मांडीवरच झोपली, तेव्हा पायाला मुंग्या आल्या तरी ते हलले नाहीत. दिगंबर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. पोरगी रमत होती, म्हणजे तो हरत होता, आणि त्याला ते दिसत होतं.

ती उठली तसा तिचा रंगाचा वेळ झाला. हळदीची वाटी फडताळावरून तिनेच दाखवली, आबांनी काढून दिली. हळदीचा शेतकरी, त्यांना त्यात काय वाटायचं? तिने दोन्ही तळवे पिवळे केले. आता तिला पांढरं हवं होतं. सोड्याचं पाणी तर कुणी केलेलं नव्हतं. आबांनी तंबाखू मळायला चंची उघडली, चुन्याची डबी बाजूला ठेवली. आनूला तिचं पांढरं सापडलं.

आबा खाली बघतात तो नातीचे दोन्ही हात लालभडक, धोतरावर लाल पंजे. आयुष्यभर हळद पिकवलेल्या त्या माणसाला हळद-चुना आठवलाच नाही. "रगत! रगत! पोरीला काय लागलं रे!" असे ते ओरडले की शेठ तराजू सोडून धावत आले. आबा तिची बोटं एकेक करून बघत होते आणि जखम काही सापडत नव्हती.

आनू आरडाओरड्याने घाबरली. तिने रडायला तोंड उघडलं आणि डोळे चोळायला हात वर नेले.

दिगंबर दारातून कसा आला ते मी पाहिलंच नाही. तिची दोन्ही मनगटं हवेतच धरून तो तिला मोरीवर घेऊन गेला, नळाखाली तिचे हात धुतले, बोटांच्या बेचक्यात, नखात, पुन्हा पुन्हा. पाणी पिवळं-लाल वाहत होतं आणि तो तिला गोष्ट सांगितल्यासारखं बोलत होता. "झालं, झालं, डोळ्याला न्हाई न्यायचं. आता फू करू." हात स्वच्छ झाल्यावर त्याने तिला खांद्यावर टाकलं आणि आबांसमोर येऊन उभा राहिला.

आबांना तोवर आपली चूक कळली होती. शेठ हसत होते. बाहेरच्या माणसासमोर झालेली फजिती त्या वयात फार लागते. आबा उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "तू हात लावला. हरला तू."

"व्हय. हरलो."

"मंग दे पोरीला."

"हरलो, पर देत न्हाई."

"शब्द दिला होता तू. घराण्यात कोनी शब्द मोडला न्हाई. लाज न्हाई वाटत?"

"न्हाई वाटत," दिगंबर म्हणाला. आवाज चढला नव्हता. "चुना डोळ्यात गेला असता, तर तुमी आन मी तो शब्द घेऊन कुठं बसलो असतो, आबा? गावात सांगा, माझा पोरगा बेइमान निघाला. पारावर सांगा. बायको झाला म्हना. मी हिला कोनालाच देत न्हाई."

मला त्या क्षणी त्याचा फार अभिमान वाटला. शर्तीला लेकरू लावणारा मूर्ख असं सकाळी मीच त्याला म्हटलं होतं, आणि तो शब्द मी आजही मागे घेत नाही. पण शब्द पाळून लेकरू घालवणाऱ्या शहाण्यांपेक्षा हा मूर्ख मला हजारदा चालेल. आबा चंची तिथेच सोडून, धोतरावर ते लाल पंजे घेऊन एसटी स्टँडकडे चालू लागले.

सविता संध्याकाळी आली, तिने सगळं ऐकलं आणि पर्स खाली न ठेवताच त्याच्यावर उखडली. "लेकरू माझंबी हाय ना? मला इचारलं का? हरला असता तर?"

"हरलोच हाय मी," तो म्हणाला. यावर तिला हसावं की रडावं कळेना. तिने थोडं दोन्ही केलं.

दुसऱ्या दिवशी बोरन्हाण. हलव्याचे दागिने विकत आणायचे नव्हतेच. मुरमुरे आणि शेंगदाणे ओवून दिगंबरने मुकुट, बाजूबंद, माळ केली होती. आनू त्याला एक मुरमुरा द्यायची, एक खायची, त्यामुळे माळ गळ्यापुरतीच झाली. माझ्या काळ्या अस्तराचं झबलं. पाच-सहा बायका जमल्या, त्यांच्या मध्ये हा एकटा बाप्या मांडी घालून बसलेला. बोरं घालायची वेळ झाली तेवढ्यात स्टँडवरून एक पोरगा आला, गावच्या गाडीच्या ड्रायव्हरने पिशवी दिली म्हणत. पाठोपाठ आबांचा फोन. दिगंबरने तो स्पीकरवर टाकला.

"बोरं धाडली," आबा म्हणाले. "न्हाणाची. बिया काढून टाकल्या सगळ्या. तिच्या घशात जातील." आणि फोन बंद.

पिशवी उघडली. एकूण एक बोर दाबून, फोडून, बी काढलेलं. सगळा चिकट गोळा झालेला. बोरन्हाणाला बोरं टपटप डोक्यावरून पडावीत, पोरांनी ती वेचावीत, अशी रीत. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एवढ्या वयाच्या बापड्याला बोरन्हाण म्हणजे काय ते ठाऊक नसावं! मी सांगितलं, ती बाजूला ठेव, माझ्याकडची चांगली घे.

"न्हाई," दिगंबर म्हणाला. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते तो पुसतही नव्हता. "हीच घालायची."

त्याने ती ओंजळी भरभरून लेकीच्या डोक्यावर घातली. ती केसांना चिकटली, मुकुटाला चिकटली. आनूने ती कपाळावरून ओढून काढत एकेक खाल्ली. तिला न्हाऊ घालायला मग दोन बादल्या लागल्या.

गेल्या जूनमध्ये सविताला कळमनुरीकडे कायमची नोकरी मिळाली आणि त्यांनी खोल्या सोडल्या. टेम्पोत सामान चढत होतं. ट्रंका अजून दोनच, डब्यांच्या गोण्या मात्र तीन. आबा मदतीला आले होते. ते ड्रायव्हरशेजारी बसले होते, आनू मांडीवर. त्यांच्या हातात धांड्याची गाडी होती आणि ते तिचं चाक बसवत होते. शेठ शेवटचे दारात आले.

"काय दिगंबरराव, तिकडं गेल्यावर तरी काही काम धरा आता."

दिगंबरने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण त्याच्या आधी टेम्पोच्या खिडकीतून पागोटं बाहेर आलं.

"धरलेलं हाय की त्यानं काम," आबा म्हणाले. "तुमच्या समोरच करून राहिला होता. दिसून न्हाई राहिलं का तुमाला?"

शेठ आत गेले. दिगंबर तोंड तसंच उघडं ठेवून उभा राहिला. मी त्याला निरुत्तर झालेला तेवढा एकदाच पाहिला.