बहिष्काराच्या दिवशीचा रक्तदाब

२० फेब्रुवारी, सायंकाळी सात चाळीस: १६८/१०२. मुलुंडच्या आमच्या इमारतीत समोर राहणारे वकीलकाका माझ्याकडून रक्तदाब मोजून घेतात आणि पट्टा फुगू लागताच बोलू लागतात. त्या दिवशी विषय होता वकिलांच्या कायद्यातील प्रस्तावित दुरुस्तीचा.

“कोर्टावर बहिष्कार टाकला की शिस्तभंग म्हणे! उद्या वकिलीची सनदही काढून घेतील. काय गं शास्त्रज्ञ, आम्ही गप्प बसायचं?”

“निदान मिनिटभर तरी बसा, काका. आकडा चढतोय.”

दुसऱ्या दिवशी या दुरुस्तीविरुद्ध बहिष्कार होता. ठराव काकांनीच मांडलेला. नेमकी त्याच दिवशी त्यांच्या अशिलाच्या, कोठडीतल्या एका रिक्षावाल्याच्या, जामिनाची सुनावणी होती. काकांनी कोर्टाच्या फाटकावर घोषणा दिल्या, मग दंडावरची निषेधाची पांढरी फीत सोडून खिशात घातली आणि आत जाऊन जामीन मिळवला. संध्याकाळपर्यंत वकील संघटनेने त्यांचे सदस्यत्व स्थगित केले होते.

“फितूर म्हणाले मला,” हात पुढे करत ते म्हणाले.

“मग त्या दुरुस्तीला विरोध कशाला करता?”

“विरोध आहेच गं. पण तो रिक्षावाला कुठे बहिष्कारावर होता?”

मी पट्टा आवळला. या वेळी ते एक शब्दही बोलले नाहीत. परिणाम त्या मौनाचा की आणखी कशाचा, एका नोंदीवरून सांगता येत नाही: १२८/८२.