मी फोडलेलं यान

त्या सकाळी माझ्या हातून दूध उतू गेलं, नवीन तापत ठेवलं तर तेही गेलं. नातीचं रॉकेट उडायचं होतं. तिचं म्हणजे तिच्या कंपनीचं, पण बेलापूरच्या आमच्या गल्लीत ते ‘आजींच्या नातीचं’च होतं. मागचं वर जाऊन समुद्रात पडलं, तेव्हा पोरीनं आठवडाभर माझा फोन उचलला नव्हता. ह्या वेळी पडलं तर कंपनीला कुलूपच, असं ती हसत हसत म्हणाली होती. तिचं तसलं हसणं मला कळतं.

शेजारीण लवकरच येऊन बसली. ती पाथर्डीकडची. मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला आणि म्हणाली, “आजी, तुमी एवढी यानं उडवली. ह्ये उडंल ना वो?”

आता हिला काय सांगू! मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्या पहिल्या बायकांतली एक म्हणून मला शाली मिळाल्या. त्यांतल्या काही बोहारणीकडे जाऊन त्यांची पातेली झाली. बाकी यानातलं मला हिच्याइतकंच कळतं.

पंचविशीत मात्र सगळं कळायचं. काय तो तोरा! वजन नाहीसं झाल्यावर कसं वाटतं हे अनुभवायला मी एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून नगरहून पाथर्डीला गेले होते. खड्डा आला की उडायचं आणि पोटात काय झालं ते टिपून घ्यायचं. कंडक्टर म्हणाला, “ताई, पुढं जागा हाय की.” मी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो विज्ञानाच्या वाटेत आडवा पडलाय. एवढं करून कथेत माझी नायिका यानाची खिडकी उघडते आणि पृथ्वीला हात हलवून टाटा करते. संपादकांनाही काही खटकलं नाही.

त्याच दिवसांत मी एक यान फोडलं. सात माणसं होती आत. कथा रेंगाळायला लागली होती म्हणून फोडलं, आणि उठून कुकर लावला. संपादकांनी शेवटाचं फार कौतुक केलं. मी आठवडाभर तरंगत होते, एसटीशिवाय.

पुढे नात नऊ वर्षांची असताना तिच्या हाती ती कथा लागली. रडून डोळे लाल.

“आजी, ते का फुटलं?”

“गोष्टीसाठी गं.”

“गोष्टीसाठी कसं फुटेल? काहीतरी बिघडलं असणार ना?”

“मग शोध तूच,” मी पोळ्या लाटता लाटता म्हणाले. पोरीनं ते मनावर घेतलं. आज तिचं कामच ते आहे, उडण्याआधी बिघाड शोधायचा. म्हणजे रॉकेट पडलं, तर आधी तिलाच विचारणार, तू काय बघत होतीस?

मोबाईलवर आकडे उलटे धावायला लागले. शेजारणीनं माझा हात घट्ट धरला. मी मनातल्या मनात त्या पंचविशीतल्या बाईला दम दिला, खबरदार पेनाला हात लावशील तर!

आणि आकडे थांबले.

“रेंज गेली का काय?” शेजारीण म्हणाली. रेंज होती. रॉकेट तसंच उभं होतं, बाजूनं वाफ येत होती. थोड्या वेळानं फोन वाजला.

“आजी, थांबवलं. मी थांबवलं.”

“का गं?”

“एका ठिकाणचा दाब बरोबर वाटेना. बाकीचे म्हणतात ठीक आहे. साहेब भडकलेत. आता उघडून बघणार. काही निघालं नाही तर माझं काही खरं नाही.” मग म्हणाली, “तुझं यान कुणी का नाही गं थांबवलं?”

“थांबवायला होतंच कोण? सात जण आत बसवले, पण खाली लक्ष ठेवायला एक माणूस ठेवायचं मला सुचलंच नाही.”

ती हसली. हे हसणं खरं होतं. मग तिला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

दुपार गेली. शेजारीण घरी जाऊन भाकरी-पिठलं घेऊन आली, ते तसंच झाकून ठेवलं. ते रॉकेट आपलं उभंच. माझी यानं दुसऱ्या परिच्छेदात उडायची. इतका वेळ जमिनीवर उभं राहिलेलं यान मी जन्मात सोसलं नव्हतं.

दिवेलागणीला फोन आला. “सापडलं,” एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. एक झडप नीट बसत नव्हती म्हणे. मी “हो का” म्हटलं. झडप कुठली, कशाची, मला काय कळणार!

उड्डाणाची नवी तारीख पडली आहे. त्या दिवशी दुधाकडे शेजारीण बघणार आहे.