नळीवर नाव सासूबाईंचं

माझ्या सासऱ्यांना बाजारात 'काटा' म्हणत. तराजूचा काटा की पायात रुततो तो, हे म्हणणाऱ्याला नुकताच दंड झाला होता की नाही यावर ठरायचं. वजनमापे निरीक्षक म्हणून त्यांनी उभी हयात दुकानदारांच्या तराजूखाली हात घालून बघण्यात घालवली. पारड्याच्या तळाला चिकटवलेलं मेण, आतून पोखरलेली वजनं, तळ वर उचललेली मापं, असलं त्यांनी इतकं पाहिलं होतं, की सरळ तराजू दिसला तरी ते वाकून खाली बघायचे. निवृत्त झाल्यावर बाजार सुटला आणि आम्ही सापडलो.

घरात येणारी प्रत्येक वस्तू ओट्यावरच्या त्यांच्या काट्यावरून पुढे जाई. साबणाची वडी, बिस्किटांचा पुडा, टूथपेस्ट. टूथपेस्ट संपली की ते ती पुन्हा तोलायचे आणि आत अजून किती राहिली आहे ते मला ऐकवायचे. डॉक्टरांनी गोळी बदलली तर कुठंतरी पाणी मुरतंय. नाही बदलली तरी मुरतंयच. बातम्या सांगणारी बाई जरा हसली तर "हिला कोणीतरी सांगितलंय हसायला." सुरुवातीला मी वाद घालायचे. मग हात टेकले.

सासूबाई अगदी उलट. दारात आलेल्या विक्रेत्याला आत बसवून पाणी द्यायच्या आणि त्याने गळ्यात मारलेला झाडू वर्षभर कौतुकाने वापरायच्या. फोनवर कुणी काही विचारलं की त्यांचं उत्तर 'हो' हेच असे. प्रश्न पूर्ण व्हायचीही त्या वाट बघत नसत. या दोघांचं इतकी वर्षं कसं जमलं हे मला कोडंच होतं. बहुधा सासूबाईंच्या वाट्याचा संशयही सासरेच घेत असावेत.

एकदा माझ्या ऑफिसात एक कंपनी आली. कडक इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाने पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. म्हणे, तुमच्या थुंकीतून तुमची जनुकं वाचतो. कुठलं औषध तुम्हाला लागू पडेल आणि कुठलं पडणार नाही, ते आजारी पडण्याआधीच सांगतो. कर्मचाऱ्यांना आणि घरच्यांना सगळं फुकट. मी दोन डबे उचलले, एक माझा आणि एक सासूबाईंचा. सासऱ्यांचा आणला नाही. विकतचं दुखणं कोण घेईल?

ते आपोआप चालून आलंच. डबा टेबलावर ठेवला तोच सासऱ्यांनी चष्मा लावला.

"फुकट का?"

"बाबा, ते माहिती गोळा करतात. आपलं नाव काढून टाकतात आणि औषधं बनवणाऱ्या कंपन्यांना देतात. त्यातून नवी औषधं निघतात."

"देतात की विकतात?"

"विकतात," मी म्हटलं. खोटं कशाला बोला?

"म्हणजे गिऱ्हाईक त्या कंपन्या. आणि काट्यावर कोण चढलंय? तू."

"चढले तर चढले. माझं वजन काही कमी होत नाही त्याने."

"थुंकी झेलणारी माणसं मी पुष्कळ बघितली," सासरे म्हणाले, "पण नळी घेऊन झेलणारी ही पहिलीच."

सासूबाई खुदकन हसल्या. "अहो, एवढीशी तर थुंकी. रोज बेसिनमध्ये जातेच की." आणि त्यांनी माझ्या फोनवर, मी त्यांच्यासाठी भरलेल्या फॉर्मखाली जिथे संमतीची खूण करायची होती तिथे, न वाचता बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तोंड धुण्याआधी, त्या नळी घेऊन बेसिनपाशी उभ्या राहिल्या. सासरे दारात कमरेवर हात ठेवून पहाऱ्याला. "तुम्ही असे उभे राहिलात ना, की माझ्या तोंडचं पाणीच पळतं," असं म्हणून सासूबाईंनी त्यांना पिटाळलं. मग एकदाची नळी भरली. ती त्यांनी बेसिनच्या कडेला ठेवली, कारण आमच्या घरात पार्सल बांधायचा हक्क सासऱ्यांचा. दुसऱ्या कुणाच्या गाठीवर त्यांचा भरवसा नाही. त्यांनी ते बांधलं, कुरियरलाही स्वतःच देऊन आले. मला वाटलं, विरघळले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण त्या घरात शंका घ्यायचं खातं माझ्याकडे नव्हतं.

रिपोर्ट फोनवर आला. हिरव्या खुणाच खुणा. सासूबाईंनी तो सकाळी फिरायला येणाऱ्या मैत्रिणींना दाखवला. दवाखान्याच्या कार्डाला जोडू का, असं फोनने विचारलं, त्यालाही त्या हो म्हणाल्या. मग काही आठवड्यांनी कंपनीतून एका मुलीचा गोड आवाजात फोन आला. आजींचे आभार. बायकांच्या हाडांसाठी एक नवं औषध तयार होतंय आणि त्या अभ्यासात आजींचा नमुना निवडला गेलाय.

"ऐकलंत का? माझी हाडं निवडली!" सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा सासरे हसले. मिशीत वगैरे नाही, खुर्ची हलेल असे, खोकला येईपर्यंत. या माणसाला असं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. कंपनी मोठी हुशार आहे, एवढंच."

त्यानंतर बरेच दिवस ते मध्येच गालातल्या गालात हसायचे. सासूबाई कुणाला हाडांचं सांगायला लागल्या की जास्तच. मला त्यांचा रागच यायचा. बायकोला कुणीतरी चांगलं म्हटलं, तर एवढं काय पोटात दुखायचं?

मग एका दुपारी भाजी घेऊन जिना चढताना सासूबाई मधल्या पायरीवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. छातीवर हात, कपाळ घामाने ओलं. माझा नवरा कामासाठी परगावी होता. मी आणि सासऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं. हृदयाची एक रक्तवाहिनी बंद झाली होती. ती उघडून आत बारीक जाळी बसवली आणि सकाळपर्यंत सासूबाई बोलायला लागल्या. आमचा जीव भांड्यात पडला.

सकाळी डॉक्टर आल्या. तरुण, शांत, समजावून सांगणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आता सगळं गोळीवर आहे. जाळीत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून ही गोळी. एक दिवसही चुकवायची नाही. गाठ झाली तर पुन्हा झटका येतो, आणि तो फार वाईट असतो."

"ही गोळी कशी?" सासऱ्यांनी सवयीने विचारलं.

"सौम्य आहे. काकूंना मागे पोटातल्या जखमेतून रक्त गेलं होतं ना, म्हणून जास्त कडक गोळी नको. या सौम्य गोळीचं एकच आहे. पोटात गेल्यावर शरीराने तिला कामाला लावावं लागतं, आणि काही माणसांच्या शरीरात ते होतच नाही. गोळी आत जाते, फुकट जाते. पण काकूंची काळजी नाही. त्यांचा जनुकांचा रिपोर्ट कार्डावरच आहे. गोळी त्यांना उत्तम लागू पडते."

मी मनात म्हटलं, बघा, माझा डबा शेवटी उपयोगी पडला. मोठ्या तोऱ्यात मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तो रिपोर्ट तिचा नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"नळीत माझी थुंकी होती. हिची मी बेसिनमध्ये ओतली, नळी धुतली आणि माझी भरली."

डॉक्टरांनी हातातला फोन उघडला, वर-खाली केला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, इथे पहिल्याच पानावर 'स्त्री' लिहिलंय. पुरुषाची थुंकी असती तर प्रयोगशाळेला लगेच कळलं असतं. यात ओळखायला सगळ्यात सोपी गोष्ट तीच."

"मग त्यांनी ओळखलं नाही. सूनबाईने फॉर्मवर जे भरलं, तेच उतरवून काढलं."

"एवढी मोठी कंपनी आहे, काका."

"हाडांच्या अभ्यासातही बाई म्हणूनच घेतलंय मला!"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळत होता. रात्रभर जागलेला, घाबरलेला म्हातारा माणूस. त्यात मी आदल्या दिवशीच नर्सला हसत सांगून ठेवलं होतं, की आमचे बाबा सलाइनच्या बाटलीवरही संशय घेतात. तरी डॉक्टरांनी भलेपणाने कंपनीला फोन लावला. बराच वेळ तिकडून गाणं वाजलं. मग एका आवाजाने सांगितलं की नळीवरचं नाव आणि रिपोर्टवरचं नाव तंतोतंत जुळतं, आमच्याकडे चूक होत नाही.

"बघा," डॉक्टर म्हणाल्या. "आणि कडक गोळीने पोटातून रक्त जायला लागलं, तर जबाबदार कोण? नुसत्या संशयावर मी गोळी कशी बदलू?"

"संशय नाही हो हा!" सासऱ्यांचा आवाज चिरकला. "मी स्वतः केलंय. इतके दिवस त्यांची फजिती बघून हसत बसलो, घरात कुणाला बोललो नाही. माझं चुकलं. माझं चुकलं, पण तिला ती गोळी देऊ नका."

मला त्या क्षणी हसणारे सासरे आठवले, खुर्ची हलवणारे, आणि माझ्याच तोंडचं पाणी पळालं. म्हणजे ही सगळी कंपनीची फजिती ते एकटे चघळत होते, आणि त्यातली एक खोटी हिरवी खूण सासूबाईंच्या छातीपर्यंत येऊन पोचली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात उशीवरून आवाज आला. सासूबाईंचे डोळे मिटलेले होते, पण त्या सगळं ऐकत होत्या.

"डॉक्टर, गोळी बदला."

"काकू, रिपोर्टमध्ये..."

"रिपोर्ट असू दे. या माणसाबरोबर माझा अख्खा संसार झाला. दूध उतू गेलं तर शेगडीची चूक. चष्मा फुटला तर टेबलाची. 'माझं चुकलं' हे यांच्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकलं. ते खोटं असूच शकत नाही."

डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या आणि कागदावरची गोळी खोडली. कडक गोळी सुरू करायची, पोट सांभाळायला सोबत दुसरी द्यायची, आणि आजच नवं रक्त घेऊन तपासणीला पाठवायचं. पुढे ते रक्त तपासून आलं तेव्हा कळलं, की ती सौम्य गोळी सासूबाईंच्या शरीरात कामच करणार नव्हती. जाळीत गाठ व्हायची ती झालीच असती. माझ्याही रिपोर्टवर 'स्त्री' लिहिलेलं आहे. ते त्यांनी बघून लिहिलं की मी भरलं म्हणून, हे मला आजतागायत माहीत नाही. कंपनीला पाठवलेल्या तक्रारीवर 'आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे' असं उत्तर आलं. हाडांचं ते औषध बाजारात येईल तेव्हा मी ते घेणार नाही.

पण हे नंतरचं. डॉक्टर गेल्यावर खोलीत आम्ही तिघंच उरलो. मला वाटलं, आता सासूबाई नेहमीसारख्या 'जाऊ दे' म्हणतील. त्यांनी डोळे उघडले.

"का केलंत असं?"

सासरे पलंगाच्या दांडीला धरून उभे होते. "तुझ्या आईला विसरायचा आजार होता. शेवटी तिने तुलासुद्धा ओळखलं नाही. ते तुझ्यात उतरलंय की नाही, हे परक्या लोकांना आपल्याआधी कळणार? आणि ते त्यांनी कुणाकुणाला विकायचं? मला ते सहनच होईना."

"मग मला सांगायचं होतंत."

"तू ऐकलं नसतंस."

"नसतं ऐकलं. थुंकी माझी होती." त्यांना दम लागला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज तसाच राहिला. "त्या कंपनीने निदान एक बोट तरी ठेवायला सांगितलं मला. तुम्ही तेवढंही विचारलं नाहीत."

बाजारातल्या कुठल्याही दुकानदाराने सासऱ्यांना असं निरुत्तर केलेलं मी ऐकलं नव्हतं. ते खाली फरशीकडे बघत राहिले आणि मला पहिल्यांदा त्यांची दया आली. राग गेला असं मात्र नाही.

तेवढ्यात रक्त घ्यायला नर्स आली. सासरे चटकन पुढे झाले. सुई नवी आहे का, नळी आधी कुणी उघडली, नाव कोण लिहिणार, रक्त जाणार कुठे, हे सगळे प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होते. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. मग ते नर्सकडे पाठ करून सासूबाईंकडे वळले आणि पलंगाशी वाकले.

"तुला द्यायचंय का?" त्यांनी विचारलं.

सासूबाई लगेच हो म्हणाल्या नाहीत. त्या बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनी हात पुढे केला.